मुंबई दाखवायची म्हणजे नेमकं काय दाखवायचं?

गिरणगावकर (धागाकर्ता)

मंडळी, बागा आणि बसायच्या जागांमुळे पर्यटकाचं समाधान वाढतं असं काही अभ्यासक म्हणतात, ते वाचल्यापासून आठ दिवस डोक्यात एक किडा वळवळतोय, म्हणून हा धागा.

गेल्या आठवड्यात सोलापूरहून मावशी, काका आणि त्यांची नऊ वर्षांची नात तीन दिवस आमच्याकडे होते. काका निवृत्त मुख्याध्यापक, मावशीचे दोन्ही गुडघे कुरकुरणारे. मी रजा टाकली आणि वहीत तासातासाचा कार्यक्रम आखला. पहिला दिवस गेटवे, लाँचने घारापुरी, परत येऊन म्युझियम, रात्री सीएसएमटीची रोषणाई. दुसरा दिवस सिद्धिविनायक, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, गिरगाव चौपाटी, मरीन ड्राइव्ह. तिसऱ्या दिवशी मुद्दाम काहीच ठेवलं नव्हतं, कारण रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची होती. सामान बांधून झालं, वेळ जाईना, म्हणून "चला, जवळच आहे" म्हणत राणीच्या बागेत नेलं.

परवा मावशीचा फोन आला. सोलापुरात भेटेल त्याला ती काय सांगतेय? राणीची बाग! "त्या मोठ्या झाडाखाली बाकावर बसलो बघ, डबा खाल्ला, हे तर चक्क घोरले." घारापुरीचं विचारलं तर म्हणे, "छान आहे रे, पण पायऱ्या फार." सहाव्या शतकाच्या आसपासची ती अठरा-वीस फुटी त्रिमूर्ती, आणि हिच्या लक्षात राहिल्या पायऱ्या.

पहिल्या दिवशीचा एक प्रसंगही सांगतो. लाँचमधून उतरलो तेव्हा अडीच वाजले होते. मावशीला दहा मिनिटं टेकायचं होतं. जवळच्या एका बागेपाशी गेलो तर फाटकाला कुलूप. आतून रखवालदार म्हणाला, "चार वाजता उघडेल." आत सहा रिकामे बाक आणि गच्च सावली, बाहेर उन्हात आम्ही चौघं. शेवटी एका बँकेच्या पायरीवर पेपर अंथरून तिला बसवलं.

तर प्रश्न असा, की परगावच्या माणसाला शहर आवडतं म्हणजे त्याला नक्की काय आवडतं? तुमचे पाहुणे काय आठवण घेऊन गेले?

लोकलवासी

+१. माझ्या सासऱ्यांना तीन दिवस फिरवलं. त्यांचा आवडता 'पॉइंट' निघाला शिवाजी पार्कचा कट्टा. संध्याकाळी दोन तास बसून क्रिकेट बघितलं, एकाच वेळी पंधरा-वीस मॅचेस. खर्च: भेळेचे पैसे.

फोर्टफिरस्ता

धागा जिव्हाळ्याचा आहे. मी गेली बारा वर्षं फोर्टात लोकांना पायी फिरवतो, पोटापाण्याचा तोच धंदा. फिरण्याच्या सुरुवातीला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न इतिहासाचा नसतो. "वाटेत टॉयलेट आहे का?" हा असतो. म्हणून माझा मार्ग इमारतींनी ठरत नाही, बसायच्या जागांनी ठरतो. चाळीस मिनिटं चाललं की बूड टेकवायचं, हा नियम. नाहीतर पंचेचाळिसाव्या मिनिटाला राजाबाई टॉवरच्या खाली उभं राहून मी कितीही घसा ताणला, तरी लोक घड्याळ बघतात, आणि तेही टॉवरवरचं नाही, मनगटावरचं.

माझी हक्काची जागा म्हणजे हॉर्निमन सर्कलची बाग. समोर एशियाटिकच्या, म्हणजे जुन्या टाउन हॉलच्या पायऱ्या, भोवती गोलाकार इमारती, मध्ये झाडं. तिथे बसवून मी गोष्ट सांगतो, की १८५०च्या दशकात मुंबईचे शेअर दलाल याच टाउन हॉलसमोरच्या वडाच्या झाडाखाली जमायचे. दलाल स्ट्रीट नंतरची. या शहराचा शेअर बाजार सावलीतच सुरू झाला. ही गोष्ट बागेत बसून ऐकणारा माणूस विसरत नाही. तीच मी फुटपाथवर, मागे टॅक्सी हॉर्न मारत असताना सांगितली, तर कोणालाही आठवत नाही. गोष्ट तीच, सांगणारा तोच.

गिरणगावकर, घारापुरी आणि म्युझियम एकाच दिवशी? शत्रूलाही असं फिरवू नये.

वऱ्हाडी_ठेचा

आम्ही अकोल्याचे. मागच्या मे महिन्यात आलो होतो (चुकलं ते, कबूल). अकोल्यात ऊन पंचेचाळीसचं, तरी ते सुकं. मुंबईत पारा पस्तिशीचाच, पण अंगातून नुसत्या धारा. पोरगं दर दहा मिनिटांनी म्हणे, "बाबा, आता कुठं बसायचं?" बसायचं तं विकत घ्यावं लागते बाप्पा! चहा घ्या, मग खुर्ची. आइस्क्रीम घ्या, मग खुर्ची. चार माणसांचं दिवसभर नुसतं बसण्याचं बिल पाहून बायको म्हणाली, एवढ्यात एक साडी आली असती.

मरीन ड्राइव्ह मात्र लय आवडलं. तिथं कोणी बिल आणत नाही.

कुंदा_ठाणे

वर टॉयलेटचा विषय निघाला म्हणून लिहिते. पुरुषमंडळी ते विनोदाने लिहितात. आम्हा बायकांचा दिवस सकाळपासून त्या हिशोबाने चालतो. पाणी किती प्यायचं, हे पुढचं स्वच्छतागृह किती लांब आहे त्यावर ठरतं. पाणी कमी प्यायलं की डोकं दुखतं, डोकं दुखलं की म्युझियममधल्या मूर्ती दिसत नाहीत. मग घरी येऊन आपणच म्हणतो, "काही विशेष नव्हतं."

मुंबईत २०११ साली बायकांनी 'राइट टू पी' ही मोहीम सुरू केली ती उगाच नाही. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईने पैसे मोजायचे, हा तेव्हाचा मुद्दा. परगावहून आलेल्या बाईला तर कुठलं स्वच्छ, कुठलं बंद, हेही माहीत नसतं. माझ्या नणंदेने गेटवेचा फोटो फ्रेम करून लावलाय. त्या दिवसाची आठवण विचारली की ती पहिल्यांदा बंद दाराची गोष्ट सांगते.

सुरंगी

मी पर्यटन विषयात एमए केलंय, त्यामुळे गप्प बसवत नाही. थोडं पुस्तकी लिहिते, चालवून घ्या.

कुंदाताई जे सांगताहेत, त्यावर नोरिआकी कानो या जपानी प्राध्यापकांनी १९८४मध्ये एक मांडणी केली. मुळात ती वस्तूंच्या दर्जाबद्दल होती, पण पर्यटनाला चपखल बसते. काही गोष्टी असल्या तर कोणी कौतुक करत नाही, पण नसल्या तर सगळ्यावर पाणी. स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, बसायची जागा या त्या वर्गातल्या. "काय सुंदर टॉयलेट होतं हो मुंबईत!" असं सोलापुरात कोणी सांगणार नाही. दुसऱ्या वर्गातल्या गोष्टी जितक्या जास्त, तितकं बरं: वेळेवर मिळणारी बस, स्पष्ट पाट्या, कमी रांग. आणि तिसरा वर्ग ध्यानीमनी नसताना खूष करणाऱ्या गोष्टींचा. त्या नसल्या तर तक्रार नाही, कारण त्यांची अपेक्षाच नव्हती.

गंमत म्हणजे तिसऱ्या वर्गातली गोष्ट हळूहळू पहिल्या वर्गात घसरते. २०१७च्या नाताळात एसी लोकल सुरू झाली तेव्हा लोक दारात सेल्फी काढत होते. आज तीच एसी लोकल रद्द होऊन साधी आली की शिव्या घालतात.

आता मावशी. रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८०मध्ये मांडलं, की समाधान म्हणजे अनुभव वजा अपेक्षा (माझ्या भाषेत, ढोबळ). गेटवे तुमच्या मावशीने टीव्हीवर हजार वेळा पाहिलाय. तो कितीही भव्य असला तरी डोक्यातल्या गेटवेशी त्याची स्पर्धा असते, आणि डोक्यातल्या गेटवेसमोर गर्दी नसते, फोटोवाले मागे लागत नाहीत. राणीच्या बागेकडून तिची अपेक्षाच नव्हती. तुमची तरी होती का? तुम्ही तर वेळ घालवायला नेलंत.

तिरकस_तात्या

पॉपकॉर्न संपले म्हणून लिहितो.

सावली, बाक, झाड हे सगळं सोलापुरात नाही? सिद्धेश्वराच्या तलावाकाठी जाऊन बसावं की, मधोमध देऊळ, वर वारा. मावशी नऊ-दहा तास प्रवास करून बाकावर बसायला आल्या होत्या का? उद्या मुंबईच्या जाहिरातीत लिहा: 'या, आमच्याकडे बाक आहेत'. बघू किती येतात. लोक येतात ते गेटवे, समुद्र, सिद्धिविनायक आणि एखादा नट दिसेल या आशेने. बागेमुळे समाधान वाढतं हे मला त्या अभ्यासकांचं हिरवं स्वप्न वाटतं.

दुसरं, पाहुणा कधी यजमानाच्या तोंडावर "बेकार होतं" म्हणतो का? तुम्ही रजा टाकून फिरवलंत, तो छानच म्हणणार.

सुरंगी

तात्या, दंडवत. अर्धं मान्य. पण तुम्ही दोन याद्या एक करताय. माणूस *का येतो* ही एक यादी आणि *कसा परत जातो* ही दुसरी. पहिल्या यादीत बाक कधीच येणार नाही. दुसरीत मात्र तो गेटवेच्या वर चढून बसू शकतो. एखाद्या लग्नाला आपण जेवणासाठी जात नाही, पण आल्यावर चर्चा जेवणाचीच होते.

झाडांचं म्हणाल तर रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मिशिगन विद्यापीठातल्या जोडप्याने अवधानाच्या थकव्यावर बरंच काम केलं. नेटाने लक्ष देण्याची आपली ताकद थकते. अनोळखी शहरात ती फार लवकर थकते: खिसा सांभाळ, पोराचा हात धर, प्लॅटफॉर्म कोणता, फास्ट की स्लो, टॅक्सीवाला लांबून तर नेत नाही ना. पानांची सळसळ, पक्षी, पाण्यावरच्या लाटा यांच्याकडे आपलं लक्ष आपोआप जातं, जोर लावावा लागत नाही. तेवढ्यात थकलेली ताकद भरून निघते. म्हणजे झाडाखालचा अर्धा तास ही स्वतंत्र 'साइट' नव्हे. तो पुढच्या साइटला लागणारा दम आहे. मरीन ड्राइव्हलाही तेच, झाडाऐवजी पाणी.

सोलापुरात मावशीला ती बाग एवढी गोड लागली नसती, कारण तिथे ती एवढी दमलेली नसते.

तोंडदेखलं कौतुक हा मुद्दा मात्र बिनतोड. म्हणूनच 'आवडलं का' विचारायचं नसतं. पंधरा दिवसांनी काय आठवतं ते ऐकायचं. गिरणगावकरांनी नकळत तेच केलं.

उर्वशी_फुलली_का

राणीच्या बागेचं नाव वाचून धावत आले. लोक तिला प्राणिसंग्रहालय म्हणतात आणि पेंग्विन बघून परत फिरतात (हंबोल्ट पेंग्विन २०१६मध्ये सेऊलहून आले, २०१७पासून लोकांना बघायला मिळाले). पण ती मुळात वनस्पती उद्यान आहे, १८६०च्या दशकातलं. पन्नासेक एकर जागा, तीन हजारांवर झाडं आणि पावणेतीनशेच्या वर जाती. गोरखचिंच, कैलासपती, आणि उर्वशी, जिच्या फुलांचे लाल झुंबरासारखे घोस बघायला मी दरवर्षी जाते. माझा आयडी त्यावरूनच. बागेचं रूप बदलायचे बेत निघाले तेव्हा इथली झाडं वाचवायला सामान्य नागरिकांनी, त्यातही बायकांनी, वर्षानुवर्षं लढा दिलाय. मावशींची सावली त्या लढ्याची आहे, हे त्यांना जरूर सांगा.

अवांतर: घारापुरीचं 'एलिफंटा' हे नाव ज्या दगडी हत्तीवरून पडलं, तो हत्ती आता बेटावर नाहीच. तो राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा आहे. इंग्रजांनी १८६४मध्ये तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो फुटला, पुढे जोडून इथे बसवला. म्हणजे मावशींनी पायऱ्या चढून जे पाहिलं नाही, ते बाकापासून दोनशे पावलांवर होतं.

गिरणगावकर

अरे देवा! हत्तीसमोरून दोनदा गेलो. नातीने त्याच्यापुढे फोटोही काढलाय. आम्हाला वाटलं शोभेचा आहे.

पारावरचा

सगळे पाहुण्यांचंच बोलताहेत, मी रहिवाशाचं बोलतो. या शहरात माणशी मोकळी जागा जेमतेम एक-सव्वा चौरस मीटर निघते, म्हणजे एक सतरंजी अंथरली की संपली. आमच्या घराजवळ एक छोटी बाग आहे. मध्यंतरी ती कुठल्याशा रीलमध्ये झळकली. आता शनिवार-रविवारी आमचे आजी-आजोबा फाटकातूनच परत येतात, कारण बाकांवर कपडे बदलून नाचणारी मंडळी. माळ्याने लावलेली जास्वंद महिनाभरात ओरबाडली गेली.

बागा दुपारी उघड्या ठेवा, हे म्हणायला सोपं. एक रखवालदार दोन पाळ्या कशा करणार? झाडलोट कधी करायची? कुलूप लावणाऱ्याला दुष्ट ठरवण्याआधी त्याचा हजेरीपटही बघा.

मलबार हिलला २०२५मध्ये झाडांमधून जाणारा उन्नत मार्ग झाला. तिथे ऑनलाइन बुकिंग, तासाच्या वेळा आणि तिकीट आहे. सुरुवातीला मी नाकं मुरडली. पण जाऊन आलो, तर गर्दी आवाक्यात आणि पक्ष्यांचा आवाज ऐकू येत होता. मोफत आणि मोकळं हे नेहमीच चांगलं असतं यावरचा माझा विश्वास तिथे थोडा हलला. पूर्ण नाही.

संध्याछाया

मी सत्तरीची, हातात काठी. तरुण मंडळींनी याद्या करताना पायांचाही विचार करावा. घारापुरीला धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, पण पुढच्या शंभरावर पायऱ्या तुमच्या तुम्हालाच. कान्हेरी तर डोंगरच. शंभरावर लेणी, मी तीन पाहिली आणि उरलेला वेळ एका विहाराबाहेरच्या दगडी ओट्यावर बसले. भिक्षूंनी ते ओटे बसण्यासाठीच खोदले असणार, दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना कळत होतं. तिथून खाली पसरलेलं जंगल दिसतं. तीन लेण्यांवर मी अत्यंत समाधानी होते. माझ्या मुलाला मात्र उरलेली शंभर 'वाया गेली' याची चुटपुट लागून राहिली.

फोर्टफिरस्ता

संध्याछायाताई, नमस्कार. तुमच्या मुलाला माझ्याकडे पाठवा.

शेवट कसा होतो यावर एक सांगायचं राहिलं. डॅनिएल कानमन आणि सहकाऱ्यांचा १९९३चा एक प्रयोग आहे. लोकांना गार पाण्यात एक मिनिट हात धरायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच एक मिनिट आणि वर आणखी अर्धं मिनिट, फक्त त्या अर्ध्या मिनिटात पाणी किंचित कमी गार केलं. मग विचारलं, पुन्हा कोणतं कराल? बहुतेकांनी लांबलेलं निवडलं! एकूण त्रास जास्त, पण शेवट बरा.

हे वाचल्यापासून मी माझा दौरा चर्चगेटला संध्याकाळी साडेसहाला संपवणं बंद केलं. आधी तसंच व्हायचं: दिवसभर वाहवा, आणि शेवटचा अनुभव विरार फास्टच्या दारातली धक्काबुक्की. आता ओव्हल मैदानावर आणतो. एका बाजूला गॉथिक इमारती, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको, आणि २०१८मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या त्या दोन्ही मिळून. मध्ये पोरांचं क्रिकेट. तिथे साडेसातपर्यंत बसवतो, गर्दी ओसरू देतो. ज्यांना घाई आहे त्यांना आता भुयारी मेट्रो आहेच; कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून एसी आणि स्वच्छतागृह दोन्हीची सोय झाली. माझ्या दौऱ्यात या मेट्रोइतका फरक गेल्या बारा वर्षांत कशाने पडला नव्हता.

तिरकस_तात्या

म्हणजे शेवट गोड तर सगळं गोड, हे आमच्या आजीने प्रयोगाशिवाय सांगितलं होतं. जेवणानंतर ताक का द्यायची ती?

बाकी याद्या दोन असतात हे पटलं. पण फार कोणाला सांगू नका.

गिरणगावकर

आज काकांना मुद्दाम फोन केला आणि सुरंगी म्हणतात तसं 'आवडलं का' न विचारता नुसतं "काय आठवतं?" विचारलं. मला वाटलं झाडं सांगतील, कारण राणीच्या बागेत त्यांनी झाडांच्या नावाच्या पाट्या वहीत उतरवून घेतल्या होत्या. ते म्हणाले, "तू तिथं एकदाही 'चला' म्हणाला नाहीस."

मी पहिल्या दोन दिवसांत किती वेळा म्हणालो असेन? बायको म्हणते मोजायला नको.

दिवाळीनंतर मावशीच्या जावा येणार आहेत, तिघी. वहीत या वेळी रोज एकच ठिकाण लिहिलंय, आणि त्यापुढे कंसात बसायची जागा. हॉर्निमन सर्कल दुपारी किती वाजता बंद होतं ते आधी जाऊन बघून येईन.

वऱ्हाडी_ठेचा

वाचनखूण साठवली. आम्ही पण जानेवारीत पुन्हा येतो. विदर्भ एक्स्प्रेसनं बुधवारी सकाळी पोचतो, थेट राणीची बाग गाठावी म्हणतो. पोराले तो हत्ती दाखवायचा हाय.

उर्वशी_फुलली_का

बुधवारी राणीची बाग बंद असते! आणि सोमवारी घारापुरी नि बोरिवलीचं नॅशनल पार्क दोन्ही बंद. तिकीट काढलं नसेल तर एक दिवस पुढे ढकला. काढलं असेल तर बुधवारी धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात जा. पूर्वी तिथे शहराचा कचरा टाकायचे. आता मिठीच्या काठावर सदतीस एकर झाडी आहे. डास असतात, पोराला पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

वऱ्हाडी_ठेचा

तिकीट काढलं हाय. पूर्ण बाह्यांचा शर्ट बॅगेत टाकला.